शनिवारी न उघडलेली तार

माझी आई देवाशी बोलायची आणि मी देवाशी भांडायचो. आमच्या घरात हे इतकं ठरून गेलं होतं की धाकटी बहीण रिबका थट्टेनं म्हणायची, आईचं बोलणं संपलं की दादाचं भांडण सुरू होतं, त्या बिचाऱ्या देवाला आपल्या घरातून सुट्टीच नाही. मी गावच्या शाळेत मास्तर होतो. चार पुस्तकं वाचली होती, पाचवं वाचायच्या आधीच स्वतःला शहाणा समजू लागलो होतो, आणि राग तर कायम नाकाच्या शेंड्यावर. अशा माणसानं आध्यात्मिक अनुभव लिहायला बसावं ही जरा गमतीची गोष्ट आहे. पण त्या शिमग्यात जे घडलं ते मी इतकी वर्षं मनात ठेवलं, आणि आता आई नाही, म्हणून लिहितो आहे.

आम्ही बेने इस्राएल. कुलाबा जिल्ह्यात आमच्या लोकांना कुणी बेने इस्राएल म्हणत नसे, शनवार तेली म्हणत. तेलाचा घाणा चालवायचा आणि शनिवारी तो बंद ठेवायचा, एवढीच आमची ओळख. बोर्ली पंचतनजवळच्या आमच्या गावात एकेकाळी आमची सात घरं होती. कुणी मुंबईला गेलं, कुणी विमानात बसून इस्राएलला गेलं, आणि साठ सालानंतर उरलं आमचं एकच. घाणा वडिलांबरोबरच थांबला, पण शनिवार, आमचा शब्बाथ, थांबला नाही. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत आई चूल आवरायची, काचेच्या पेल्यात खोबरेल तेलाचा दिवा लावायची, डोळ्यांवर हात ठेवून पुटपुटायची, आणि तिथून शनिवारी संध्याकाळी आभाळात तीन चांदण्या दिसेपर्यंत आमच्या घरात काम नाही, प्रवास नाही, लिहिणं नाही, कागद फाडणं नाही. शाळेच्या वह्या तपासायला घेतल्या तरी ती माझ्याकडे अशी बघायची की मी आपोआप पेन्सिल खाली ठेवायचो.

रिबकाचं दुखणं असं होतं. तिचे यजमान शालोम तीन वर्षांपूर्वी इस्राएलला गेले. खरं तर तिघांनी एकत्रच जायचं ठरलं होतं, पण जायच्या आधी डॉक्टरांनी छातीचे फोटो काढले आणि मिरीच्या, म्हणजे त्यांच्या दोन वर्षांच्या मुलीच्या, फोटोत डाग निघाला. पोरीला परवानगी मिळेना. शालोमनी पुढे जाऊन नोकरी-घर बघावं, रिबकानं पोरीला बरं करून मागाहून यावं, असं ठरलं. मागाहून म्हणजे किती, ते तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. तीन वर्षं इंजेक्शनं झाली, कॉड माशाचं तेल झालं, मुंबईच्या खेपा झाल्या. दोनदा फोटो काढला, दोनदा नकार आला. मिरी बापाला ओळखायची ती फक्त भिंतीवरच्या तसबिरीतून. शेवटी तिसऱ्या फोटोत छाती स्वच्छ निघाली आणि आरोग्याचा दाखला हातात पडला. पण दाखल्याला मुदत होती. तेवढ्यात विमानात बसलं नाही तर पुन्हा फोटो, पुन्हा तपासणी, आणि पुन्हा काय निघेल ते कुणी सांगावं? रिबका तो दाखला दुलईच्या घडीत ठेवायची आणि दिवसातून दोनदा काढून बघायची.

मुदत संपायला थोडे दिवस उरले असताना मुंबईहून मावसभावाचं पत्र आलं. दोन जागा मिळाल्या. सोमवारी रात्री साडेबाराचं विमान, तिकिटं कंपनीच्या कचेरीत मिळतील. दाखल्याची मुदतही नेमकी त्याच सोमवारपर्यंत. मी दाखला आणि पत्र शेजारी ठेवून दोनदा वाचलं आणि म्हणालो, अगदी काठावर आहे, पण बसतंय. आईनं त्याच वेळी एलियाहू हन्नाबीला मलिदा बोलला. हे आमचे पैगंबर, अडलेल्याच्या मदतीला कुणाच्याही रूपात येतात अशी आमच्या लोकांची श्रद्धा, आणि मलिदा म्हणजे त्यांच्या नावानं करायचा गोड पोह्यांचा नैवेद्य. मी हसून म्हणालो, "हन्नाबीला सांग, तिकिटांचं आम्ही बघितलंय, त्यानं फक्त बोट वेळेवर आणावी." सोमवारी सकाळी दिघीहून मुंबईची बोट होती. ती संध्याकाळच्या आत पोचवायची. सगळं कसं गणितासारखं जुळलं होतं.

आणि मग शुक्रवारी तार आली. श्रीवर्धनच्या तारघरातून ती टपालाबरोबर बोर्लीला आणि तिथून पोस्टमनच्या पिशवीतून आमच्या दारात पोचेपर्यंत दिवस मावळला होता. आईचा दिवा नुकताच लागला होता. मी सही करून तार घेतली. पोस्टमन जरा थांबून माझ्या तोंडाकडे बघत राहिला, कारण गावात तार म्हणजे कोण गेलं हाच पहिला प्रश्न. रिबका आतून येऊन उंबऱ्यात उभी राहिली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. आई शांतपणे म्हणाली, "शब्बाथ लागला. ठेव ती फडताळात. उद्या चांदण्या दिसल्या की वाच."

एरवी मी आकाशपाताळ एक केलं असतं. तारेला कसला आलाय शब्बाथ, असं म्हणून तिच्यासमोर लिफाफा टरकावला असता. पण त्या संध्याकाळी मी निमूटपणे तार फडताळात मिठाच्या बरणीमागे ठेवली आणि वर मान करून रिबकाला म्हणालो, "आई म्हणते ते बरोबर आहे. एका दिवसानं काय बिघडतंय?" रिबकानं माझ्याकडे बघितलं आणि ती आत वळली. गेल्या दीड महिन्यात शालोमचं पत्र नव्हतं. तिथे बांधकामावर अपघात होतात हे मी वर्तमानपत्रात वाचलं होतं. त्या लिफाफ्यात काय असणार याची मला मनोमन खात्री झाली होती आणि ते वाचण्याची माझी छाती नव्हती. घरात इंग्रजी येणारा मी एकटाच. त्या वाईट बातमीला माझ्याच तोंडातून बाहेर पडायचं होतं. तेव्हा कबूल करतो की त्या दिवशी मी शब्बाथ देवासाठी पाळला नाही, भीतीपोटी पाळला. देवाचं नाव पुढे केलं आणि त्याच्या मागे लपलो.

शनिवार कसा गेला ते सांगता येणार नाही. मिरी अंगणात चिंचोके खेळत होती, बाहेर शिमग्याचे ढोल वाजत होते, आणि आम्ही तिघं मोठी माणसं त्या फडताळाकडे न बघण्याची शिकस्त करत होतो. संध्याकाळी आई अंगणात उभी राहून आभाळाकडे बघत राहिली. तीन चांदण्या मोजल्या, आत आली, आणि म्हणाली, "वाच आता." मी लिफाफा फोडला. मृत्यूबित्यू काही नव्हतं. विमान कंपनीची तार होती. विमानाची वेळ बदलली आहे, सोमवारी रात्रीऐवजी सोमवारी सकाळी नऊ वाजता सुटेल, प्रवाशांनी सहा वाजता कचेरीत हजर राहावं.

क्षणभर मला हसूच आलं. सगळे जिवंत होते! दुसऱ्या क्षणी मी तारेतली वेळ पुन्हा वाचली. सोमवारची बोट आता उपयोगाची नव्हती. रविवारी बोट नव्हती. म्हणजे रविवारी उजाडल्यावर निघायचं आणि दिवस मावळायच्या आत कसंही करून मुंबई गाठायची, नाहीतर जागा गेल्या, दाखला गेला, तीन वर्षं पाण्यात. शुक्रवारीच तार उघडली असती आणि शब्बाथ मोडायचं ठरवलं असतं, तर शनिवारची एस.टी. होती. ती म्हणे अर्धी रिकामी गेली. हे मी आजही लपवत नाही, कारण देवानं सगळं आधीच जुळवून ठेवलं होतं असं गोडगोड सांगणाऱ्यांतला मी नाही. आमच्या भित्रेपणानं एक धडधाकट दिवस वाया गेला होता.

रविवारी पहाटे आम्ही बोर्लीच्या नाक्यावर उभे होतो. पेटी, वळकटी, मिरीच्या हातात कापडाची बाहुली. पण शिमग्याला आलेले चाकरमानी परत निघाले होते. एस.टी. आली ती टपापर्यंत भरलेली, दारात माणसं लोंबकळत असलेली. कंडक्टरनं आतूनच हात हलवला आणि गाडी न थांबताच गेली. दुसरी गाडी दुपारी, आणि तीही मुंबईपर्यंत जाणारी नव्हे. मग शेजाऱ्यांची बैलगाडी जोडून आम्ही दिघीला निघालो, आईही धक्क्यापर्यंत पोचवायला आली. खाडी ओलांडून आगरदांडा गाठायचा, पुढे मुरूड, अलिबाग, रेवस, आणि रेवसची लाँच. मी गाडीत बसून बोटांवर तास मोजत होतो आणि दर वेळी एक-दोन तास कमीच पडत होते.

दिघीच्या धक्क्यावर पोचलो तर पलीकडे नेणारी तरीची होडी समोरच्या काठाला बांधलेली. तरवाले शिमग्याच्या रंगात, हाका मारून घसा बसला तरी कुणी ढिम्म हलेना. आणि तिथे माझा तोल सुटला. भर धक्क्यावर, दहा माणसांच्या देखत, मी आईवर ओरडलो. "हा तुझा शब्बाथ! बस आता चांदण्या मोजत. पोरीचा संसार बुडवलास तुझ्या त्या देवापायी. कुठे आहे तुझा हन्नाबी? त्याला सुद्धा एस.टी. मिळाली नाही वाटतं!" बोलताना मला माहीत होतं की तार फडताळात ठेवणारा हात माझा होता. माहीत होतं म्हणूनच आवाज इतका चढला होता.  आईनं पदर सावरला, खाडीकडे तोंड करून उभी राहिली, आणि ओठ हलताना दिसले. रिबका पेटीवर बसून रडत होती. मिरी बाहुलीचे कान झाकत होती.

धक्क्याच्या टोकाला इंजिन बसवलेला एक मचवा लागला होता. नारळ, सुपारीची पोती आणि सुक्या मासळीच्या टोपल्या भरलेल्या. त्याचा तांडेल, पन्नाशीचा, उघडाबंब, काळाभोर कोळी, आमचा सगळा तमाशा बघत उभा होता. तो खाकरला आणि मला, बहुधा कपड्यांवरून ओळखून, म्हणाला, "मास्तर, कंय जायचा हाय?"

मी सांगितलं. मुंबई, उद्या सकाळचं विमान, ही माझी बहीण, ही भाची. मग त्याच्या मचव्याकडे बघून विचारलं, तो कुठे निघालाय. "भाऊच्या धक्क्यावर," तो म्हणाला, आणि माझ्या डोळ्यांतला प्रश्न ओळखून लगेच मान हलवली. "न्हाय न्हाय. ह्यो मालाचा मचवा. मानसं न्यायची परवानगी न्हाय मना. उद्या बंदरात कोनी धरला तं काय सांगू?"

मी हात जोडले. आयुष्यात तोवर मी कुणापुढे हात जोडले नव्हते. तो अवघडला. पाय खाजवत म्हणाला, "येवरी घाई व्हती तं काल का न्हाय निघालाव?"

काय सांगणार? मी म्हणालो, "काल आमचा शनिवार होता. देवाचा दिवस. त्या दिवशी आम्ही तार उघडत नाही, वाटेला लागत नाही."

तांडेल एकदम मोठ्यांदा हसला. "मंग तुमचा न् माजा एकच झाला. ह्यो मचवा शुक्रवारी भरलाय. शेट कवापासून वरडतंय, नारल कुजतील म्हून. पन काल देवाची पालखी दारात यायची व्हती. देव दारात आला न् घरधनी दर्यात, ह्या कसा चालल?" मग त्यानं खलाशांना हाक मारली, दोन पोती सरकवायला सांगितली, आणि रिबकाला म्हणाला, "चल गो बाय, बस. पोरीला मधी बसव, कडंला नको. ओहोटी लागली हाय, थांबाया येल न्हाय."

मी त्याला अर्धंच खरं सांगितलं होतं. शनिवार पाळला होता हे खरं, का पाळला होता ते मी गिळलं होतं. ज्या निष्ठेवर भाळून त्यानं आम्हाला जागा दिली ती माझ्याजवळ नव्हतीच. दुसऱ्याच्या नावाची भाकरी खावी तसं मला झालं. पण ती भाकरी टाकून देण्याइतका मी श्रीमंत नव्हतो.

आईचा आणि रिबकाचा निरोप असा झालाच नाही. तीन वर्षं आम्ही सगळे त्या क्षणाची मनात तयारी करत होतो. आई रडेल, रिबका तिच्या गळ्यात पडेल, दारात उभं राहून आशीर्वाद होतील. प्रत्यक्षात खलाशांनी पेटी आत फेकली, तांडेलानं मिरीला उचलून घेतलं, रिबकानं फळीवर पाय ठेवला आणि आईनं कसंबसं तिच्या डोक्यावर हात ठेवला, तोही निम्मा पदरावरच पडला. इंजिनाचा धडधडाट सुरू झाला. आई काहीतरी म्हणत होती, ते ऐकू आलं नाही. धक्का लांब गेला, आणि आईच्या लुगड्याचा पांढरा ठिपका उन्हात दिसेनासा होईपर्यंत रिबका वाकून वाकून बघत राहिली. त्या दोघी पुन्हा भेटल्या नाहीत. हे तेव्हा माहीत असतं तर मी त्या धक्क्यावर माझं तोंड आवरलं असतं का? असतं, असं म्हणावंसं वाटतं.

दिघीपासून मुंबईपर्यंत आठ-नऊ तास लागले. सुक्या बोंबलांच्या वासानं डोकं भणभणत होतं. मिरीला दोनदा उलटी झाली, तांडेलानं लिंबू चोखायला दिलं, आणि ती जरा सावरल्यावर मला विचारू लागली, "मामा, विमान पण असंच हलतं काय?" मी शाळेतला माणूस. घंटा मी वाजवायची, वर्ग मी सोडायचा. त्या आठ तासांत माझ्या हातात काहीही नव्हतं. वारा फिरला असता, इंजिन बंद पडलं असतं, मी काय करणार होतो? पहिले दोन तास मी तांडेलाला सारखा विचारत होतो, वेळेवर पोचू ना? तिसऱ्यांदा विचारल्यावर तो म्हणाला, "मास्तर, तुमी इचारला म्हून मचवा बिगी जात न्हाय." त्यानंतर मी गप्प झालो. आणि गप्प झाल्यावर, कसं कुणास ठाऊक, आतलं भांडणही हळूहळू थांबलं. मी प्रार्थना केली असं म्हणणार नाही. फक्त इतकंच मनात आलं, माझ्यानं होईल ते झालं, आणि होऊ नये तेही माझ्याकडून होऊन गेलं, आता तू बघ. देवाशी न भांडता मी बोललेलं ते पहिलं वाक्य.

दिवस मावळायच्या सुमारास भाऊच्या धक्क्याला लागलो. तांडेलाला मी चार रुपये देऊ लागलो तर त्यानं हात मागे घेतला. गडबडीत त्याचं नावही विचारायचं राहिलं. रात्र मांडवीला मावशीकडे काढली आणि सोमवारी सहाच्या आधीच विमान कंपनीच्या कचेरीत जाऊन बसलो.

तिथला कारकून कोवळ्या वयाचा होता आणि त्याच्यावर चहूबाजूंनी आरडाओरडा चालला होता. कुणाची सभा बुडाली होती, कुणाचं पुढचं विमान चुकणार होतं. तोही बिचारा सगळ्यांना तेच सांगत होता, वेळ का बदलली ते आम्हालाही कळवत नाहीत, आम्ही फक्त तारा लिहितो. आमची नावं ऐकल्यावर त्यानं एकदम वर बघितलं. "बोर्ली पंचतन? तुम्ही आलात? मला वाटलं होतं तुम्हाला तार पोचणारच नाही. नकाशात गाव सापडेना, म्हणून गुरुवारी मी स्वतः तारघरात जाऊन पत्ता विचारून आलो." त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. आदल्या दिवशीपर्यंत मी या कंपनीला मनातल्या मनात ज्या शिव्या दिल्या होत्या त्या आठवून मला ओशाळल्यासारखं झालं.

मग त्यानं दाखला घेतला, तारखेवर बोट ठेवलं, आणि थबकला. "नशीबवान आहात. याची मुदत आज संपते. उद्याची तारीख लागली असती तर मला मुलीला बसवता आलं नसतं."

मी म्हणालो, "उद्याची कशी लागेल? विमान आधीही सोमवारीच होतं की. रात्री साडेबाराला."

तो हसला नाही. अगदी हळू म्हणाला, "साहेब, बारा वाजून गेले की मंगळवार."

मी वाकून दाखल्यावरची तारीख पुन्हा वाचली. वर्षानुवर्षं मी पोरांना घड्याळ आणि तारखा शिकवत आलो होतो. त्यातून आम्ही बेने इस्राएल! आमचा दिवस तर सूर्य मावळला की बदलतो. सोमवारची रात्र म्हणजे मंगळवार हे आमच्या घरातल्या पाच वर्षांच्या पोरीलाही ठाऊक. आणि नेमका मीच, दोन्ही पंचांगं जाणणारा, दोन्हीकडून चुकलो होतो. ठरल्या वेळेचं विमान ठरल्या वेळी सुटलं असतं तर आम्ही आरामात सोमवारच्या बोटीनं आलो असतो, हसत हसत कचेरीत गेलो असतो, आणि मिरीला दारातूनच परत फिरावं लागलं असतं. ज्या तारेला मी दोन दिवस संकट समजत होतो, ती तार आली नसती तरच खरं संकट होतं. रिबकाला हे समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर तिनं मिरीला छातीशी घट्ट धरलं आणि कारकुनासमोरच हमसून रडू लागली. तोही बिचारा फायलीत तोंड खुपसून बसला.

सांताक्रूझच्या गॅलरीतून मी ते विमान जाताना बघितलं. मिरीनं शिडीवर चढताना बाहुलीचा हात हलवला. विमान दिसेनासं झालं तरी मी बराच वेळ तिथेच उभा होतो. शेवटी पहारेकऱ्यानं येऊन विचारलं, काही हरवलंय का?

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. धक्क्यावरच्या बोलण्याबद्दल तिच्या पायांवर डोकं ठेवलं. ती म्हणाली, "राहू दे रे," आणि मला जेवायला वाढलं. तांडेल म्हणजे हन्नाबीच, याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. पुढे महिन्याभरानं तो मला दिघीच्या बाजारात भेटला. नाव गणा, तीन पोरं, बायको मासे विकते, आणि स्वतः दम्यानं हैराण. मला बघताच त्यानं पहिला प्रश्न केला, "पोर पोचली काय वं?" मी घरी येऊन आईला जरा खवचटपणेच म्हणालो, तुझा हन्नाबी विड्या ओढतो. ती म्हणाली, "मग? त्यानं कुनाच्या तोंडानं यावं ते आता तू ठरवनार काय?" 

रिबकाचं पत्र आलं ते उन्हाळ्याच्या सुट्टीत. शालोम विमानतळावर हातात संत्रं घेऊन उभे होते. मिरीनं त्यांना बराच वेळ निरखलं आणि विचारलं, तसबिरीत तर तुम्ही बसलेले असता, उभे कधी राहिलात? ते वाचून आई एकदा हसायची, एकदा डोळे पुसायची. मग आम्ही बोललेला मलिदा फेडायला अलिबागजवळच्या खंडाळ्याला गेलो. तिथल्या खडकावर हन्नाबीच्या घोड्याच्या टापांच्या खुणा आहेत असं आमचे लोक मानतात. पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, केळी, सगळं आईनं पहाटे उठून केलं होतं. प्रार्थना झाली, प्रसाद वाटून झाला, आणि आम्ही दोघं एका झाडाखाली टेकलो.

तिथे मी तिला जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते सांगितलं. म्हणालो, "आई, त्या शुक्रवारी मी तुझं ऐकलं ते शब्बाथसाठी नव्हे. मी घाबरलो होतो. त्या तांडेलाशी खोटं बोललो मी. आपल्याला मिळालं ते आपल्या पुण्याईवर मिळालं नाही."

आईनं हातातलं केळं सोलायला घेतलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुला काय वाटलं, मला भ्या न्हाय वाटलं? दिवा लागला व्हता हे खरं. पन आपल्या धर्मात जीवावरचं काम शब्बाथला अडत न्हाय, तुझा बाप सांगायचा. तार उघडता आली असती. मला म्हाईत व्हतं. मला वाटलं, जावईबापूंचं काय बरंवाईट झालं. म्हटलं, आजची रात तरी माज्या पोरीच्या हातात बांगड्या राहू देत. म्हनून ठेव म्हटलं फडताळात."

 आयुष्यभर जिच्या निष्ठेशी मी भांडत आलो होतो, ती बाई त्या संध्याकाळी माझ्याइतकीच घाबरलेली होती. आम्ही दोघंही एकमेकांपासून भीती लपवत, त्याच एका दिव्याच्या आड जाऊन बसलो होतो. आणि ज्याच्या नावाचा तो दिवा होता, त्यानं आम्हाला तिथून हाकललं नाही.